साखर धावबाद झाली!

ए, जरा जवळ ये. तुला एक पत्र वाचून दाखवायचंय. पण आधी कबूल कर, हसून हसून लोळायचं नाही!

समजा, लंडनमध्ये एमिली नावाची एक मुलगी आहे. तिने पुण्यातल्या मैत्रिणीला इंग्रजीत पत्र पाठवलं. मैत्रिणीच्या धाकट्या भावाने मोठ्या ऐटीत त्याचं मराठी केलं. त्याला एक शब्द अगदी पक्का येत होता. आर, यू, एन. रन! रन म्हणजे धावणे. पाठच केलं होतं त्याने! मग काय, जिथे जिथे रन दिसलं, तिथे तिथे पठ्ठ्याने धावणे लिहून टाकलं.

आता ऐक हं!

"सकाळपासून माझं नाक धावतंय. मी थोडा तापही धावते आहे. बाबांनी माझ्यासाठी आंघोळ धावली. आई घरी नाही, कारण ती एक दुकान धावते. काल आम्ही साखरेच्या बाहेर धावलो. साखर आणायला गेले, तर वाटेत मी आमच्या बाईंच्या आत धावले! धुताना माझ्या लाल फ्रॉकचा रंग धावला. आमच्या घरामागून एक रस्ता धावतो. असो. मी उशिरा धावते आहे, म्हणून आता पुरे करते."

अरे देवा! बाईंच्या आत कसं धावायचं? आणि आंघोळ? ती कुठे धावली?

गंमत सांगू? एमिलीचं इंग्रजी अगदी बरोबर होतं. एकही चूक नाही! आणि रन म्हणजे धावणे, हेही खोटं नाही. मग घोळ कुठे झाला?

चल, एकेक वाक्य सोडवू या.

पत्र सोडवू या

नाक धावतं म्हणजे नाक गळतं. सर्दी झाली की शर्टाच्या बाहीला त्रास होतो ना, तेच ते!

ताप धावते म्हणजे अंगात ताप आहे. आंघोळ धावली म्हणजे नळ सोडून टब पाण्याने भरला. दुकान धावते म्हणजे दुकान चालवते.

बाईंच्या आत धावले म्हणजे बाई अचानक भेटल्या. ध्यानीमनी नसताना, एकदम समोर! आपल्याला हे बरोबर सुट्टीच्या दिवशी, हातात चिप्सचं पाकीट असतानाच होतं.

फ्रॉकचा रंग धावला म्हणजे रंग गेला. आता बाबांचा पांढरा शर्ट गुलाबी! उशिरा धावते म्हणजे उशीर झालाय.

आणि साखरेच्या बाहेर धावलो? म्हणजे साखर संपली! इंग्रजीत याला म्हणतात रन आउट. थांब थांब, रन आउट तर आपल्याला माहितीये! क्रिकेटमध्ये रन आउट म्हणजे काय? धावबाद!

त्या धाकट्या भावाला क्रिकेटची आवड असती ना, तर त्याने काय लिहिलं असतं माहितीये? "काल आमची साखर धावबाद झाली!"

एकाच पत्रात रनचे इतके अर्थ. आता तू अंदाज कर. या एवढ्याशा शब्दाचे सगळे मिळून किती अर्थ असतील? दहा? वीस? चल, पन्नास?

श्वास रोखून धर.

६४५!

हो, सहाशे पंचेचाळीस! अक्षरं तीन आणि अर्थ सहाशे पंचेचाळीस! आणि हे सगळे फक्त क्रियापदाचे. क्रियापद म्हणजे काम सांगणारा शब्द. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डवरचा रन हे नाम. ते यात धरलेलंच नाही!

हे मोजलं कुणी?

कुणीतरी बसून मोजलं असणारच ना? मोजलं! ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी नावाचा एक अवाढव्य शब्दकोश आहे. त्याचं काम करणारे पीटर गिलिव्हर यांनी रनचे सगळे अर्थ नव्याने लावून दिले. एका शब्दाला त्यांना वेळ किती लागला? तब्बल नऊ महिने! जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर कामाला बसायचं आणि परीक्षा जवळ आली की उठायचं. तोवर शब्द एकच. रन, रन, रन! २०११ साली त्यांचं हे काम लोकांपुढे आलं.

पण शब्दाचे अर्थ गोळा करायचे तरी कसे? ते काय झाडावर असतात? ही युक्ती फार जुनी आहे. आणि फार मजेशीर!

१८७९ साली इंग्लंडमधल्या जेम्स मरे नावाच्या शिक्षकांकडे या कोशाचं काम आलं. मरेसाहेबांनी काय केलं? घराशेजारी पत्र्याची एक शेड बांधली. आत भिंतीला लाकडी कप्पे ठोकले, हजाराच्या वर! आणि लोकांना जाहीर विनंती केली. पुस्तकं वाचा. एखादा शब्द जिथे वापरलेला दिसेल, तिथलं वाक्य चिठ्ठीवर उतरवून मला पाठवा.

चिठ्ठी कशी असायची, बघ. कागद तुझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा. वरच्या कोपऱ्यात शब्द. खाली साल, लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, पान. आणि मग ते अख्खं वाक्य. बस! चिठ्ठीवर अर्थ लिहायचाच नाही. अर्थ नंतर शोधायचा.

चिठ्ठ्या आल्या. आल्या म्हणजे किती? सगळ्या मिळून पन्नास लाखांच्या आसपास! पुढे मरेसाहेब ऑक्सफर्डला राहायला गेले, तेव्हा टपाल खात्याने थेट त्यांच्या घरासमोर पत्रपेटी बसवली. पाकिटावर नुसतं "मरे, ऑक्सफर्ड" लिहिलं, तरी पत्र बिनचूक पोहोचायचं!

ऑक्सफर्डलाही त्यांनी शेड बांधली. पण शेजाऱ्यांचा देखावा अडू नये म्हणून ती तीन फूट जमिनीत खोल घ्यावी लागली. आत ही थंडी! ओल! मरेसाहेब जाड कोट चढवून बसायचे. आणि पाय? पाय चक्क एका खोक्यात! गार वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून!

त्यांना अकरा मुलं होती. ती पण कामाला! चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लावायच्या आणि खाऊसाठी पैसे मिळवायचे. जेवढे तास काम, तेवढे पैसे!

ठरलं होतं की दहा वर्षांत कोश पुरा करायचा. पाच वर्षं झाली. १८८४ साली पहिला भाग छापून आला. कुठपर्यंत मजल गेली होती, सांग पाहू? ए या अक्षरापासून अँट या शब्दापर्यंत! अँट म्हणजे मुंगी. काम मुंगीच्याच पावलांनी चाललं होतं!

अख्खा कोश पुरा झाला १९२८ साली. तेव्हा त्यात चार लाखांहून जास्त शब्द होते. पण ते बघायला मरेसाहेब नव्हते. ते १९१५ सालीच वारले. तोवर ते टी या अक्षरापर्यंत पोहोचले होते.

साध्या शब्दांकडे कुणी बघेना!

आता एक गंमत ऐक. चिठ्ठ्यांचे ढीग बघून मरेसाहेब वैतागले होते. का? लोक अवघड अवघड, विचित्र शब्दच पाठवायचे! अ‍ॅब्यूजन नावाचा एक जुनापुराणा शब्द होता. त्याच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या. आणि त्याचाच भाऊ अ‍ॅब्यूज, जो रोज वापरतात? त्याच्या पाचसुद्धा नाहीत!

असं का बरं? कारण रोजचे शब्द आपल्याला दिसतच नाहीत! तुझ्या वर्गाच्या दाराला कडी आहे की बोल्ट? चटकन सांग! रोज हात लागतो, पण बघतो कोण? आणि एक दिवस वर्गात मोर आला, तर तो जन्मभर लक्षात राहील.

शब्दांचं तसंच. सगळे मोराच्या मागे. कडीकडे कुणाचं लक्षच नाही! आणि खरा खजिना लपलेला असतो तो या कडीतच.

हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज झिफ नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९४५ साली हेच मोजून दाखवलं. जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थही जास्त! अवघड शब्दांना बहुतेक वेळा एखाददुसराच अर्थ असतो. हेलिकॉप्टर म्हणजे हेलिकॉप्टर. विषय संपला! पण रन, सेट, पुट, मेक, टेक, गो... हे छोटे छोटे शब्द म्हणजे अर्थांची नुसती जत्रा.

या छोट्यांची आपसात शर्यतही लागते, बरं का! कोशात सर्वांत जास्त जागा कोण अडवतं, याची शर्यत. १९८९ च्या आवृत्तीत पहिला नंबर होता सेटचा. त्याचे नुसते अर्थच ४३०. जोडून येणारे वाक्प्रचार धरले, तर ५८० च्या घरात. ते समजावून सांगायला साठ हजार शब्द खर्ची पडले. साठ हजार! एवढ्यात एक चांगली जाडजूड कादंबरी होते!

मग कोश नव्याने तपासायला घेतला. २००० साली मेकने सेटला मागे टाकलं. २००७ साली पुटने मेकला. आणि २०११ साली आला आपला रन, सगळ्यांच्या पुढे. नावच धावणे म्हटल्यावर शर्यत आणखी कोण जिंकणार?

अर्थांची साखळी

पण एका शब्दाला इतके अर्थ फुटतात कसे? कुणी ठरवून देतं का? छे! कुणीच नाही.

तू साखळी खेळतेस? किंवा खेळतोस? मैदानावर एकावर राज्य असतं. तो एकाला पकडतो. मग दोघं हात धरून तिसऱ्याला पकडतात. तिघं मिळून चौथ्याला. बघता बघता मैदानभर साखळी! आता नीट बघ. शेवटच्या मुलाने पहिल्याचा हात धरलाय का? नाही! दोघं एकमेकांपासून कितीतरी लांब. तरी दोघं एकाच साखळीत!

रनचं अगदी तस्संच झालं.

राज्य कुणावर? पायांवर! माणसं धावतात, घोडे धावतात. हा पहिला अर्थ.

पायांनी पकडलं पाण्याला. ओढा कसा सुसाट निघतो! त्याला पाय नाहीत, पण वेग आहे. म्हणून ओढाही रन. हे फार जुनं आहे हं! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतसुद्धा माणसं आणि पाणी, दोघांना हेच क्रियापद लावायचे. त्याची जर्मन बहीण आहे, रिनन. ती फक्त पाण्यातच रमली. रिनन म्हणजे पाझरणं, वाहणं!

पाण्याने पकडलं नळाला. नळाने पकडलं नाकाला. आणि कपड्याच्या रंगालाही. तोही पाण्याबरोबर वाहतच जातो ना!

साखळीचं दुसरं टोक वेगळीकडेच गेलं. वेगाने जाणारी रेल्वे आली, तीही रन. तिचं इंजिन न थांबता फिरतं, तेही रन. मग जे जे न थांबता फिरतं, ते सगळं रन. घड्याळ, पंखा, गिरणी. पुढे कॉम्प्युटर आला. त्यात ना चाक फिरताना दिसतं, ना पाणी वाहतं. तरी त्यातला प्रोग्रॅम रन होतो!

आणि यंत्र चालू ठेवणारा माणूस? त्याला म्हणायचं, तो यंत्र रन करतो. मग दुकान चालवणारी बाई दुकान रन करते. मुख्याध्यापक शाळा रन करतात. खुर्चीत बसून! जागचे न हलता!

बघितलंस? एका टोकाला जीव तोडून पळणारा घोडा. दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलेले मुख्याध्यापक. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. पण साखळी एकच!

सगळ्यांत भारी गोष्ट आहे एमिलीच्या पत्रातल्या रस्त्याची. रस्ता धावतो म्हणे! अरे, रस्ता तर तसूभरही हलत नाही. मग धावतं कोण? आपली नजर! रस्त्यावरून ती पुढे पुढे जाते आणि आपण म्हणतो, रस्ता नदीकडे गेला. आपणही म्हणतोच की, "हा रस्ता कुठे जातो?" तो कुठेच जात नाही. बिचारा तिथेच पडून असतो!

नाटकाचंही असंच. नाटक रन होतं म्हणजे त्याचे प्रयोग होत राहतात. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं द माऊसट्रॅप नावाचं एक रहस्यनाटक १९५२ साली सुरू झालं. करोनाच्या काळात ते वर्षभराहून जास्त काळ बंद ठेवावं लागलं. एवढा खंड सोडला, तर ते धावतंच आहे! तुझ्या आजी-आजोबांच्या लहानपणापासून!

धावायचं की चालायचं?

मघाशी तुझ्या एक गोष्ट लक्षात आली का? इंग्रजीतलं दुकान रन होतं. आपलं दुकान काय करतं? चालतं! पंखा चालतो. घड्याळ चालतं. शाळा चालते. नाटक चालतं. इंग्रज जिथे धावतात, तिथे आपण आरामात चालतो!

आणि आपण एकटेच नाही. फ्रेंच माणसंही आपल्यासारखीच. त्यांचं मार्शे हे क्रियापद म्हणजे चालणे. यंत्र नीट काम करत असलं की ते म्हणतात, चालतंय! जर्मन माणसं मात्र इंग्रजांच्या गटात. त्यांचं यंत्रही धावतं आणि सर्दी झाली की नाकही धावतं!

आता निवडणूक घे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायचं असलं, तर निवडणुकीसाठी काय करतात? रन करतात. धावतात! इंग्लंडमध्ये खासदार व्हायचं असलं, तर? तिथे स्टँड करतात. म्हणजे उभे राहतात! भाषा एकच, इंग्रजी. काम एकच, मतं मागणं. पण समुद्राच्या एका काठावर धावायचं आणि दुसऱ्या काठावर उभं राहायचं! आणि आपल्याकडे? आपणही निवडणुकीला उभेच राहतो. नाहीतर ती लढवतो!

क्रिकेटमध्ये तर कमालच आहे. फलंदाज या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला की एक धाव. बरोबर? पण चौकार मारला की चार धावा मिळतात. कितीदा धावावं लागतं? एकदाही नाही! न धावता चार धावा! फार पूर्वी धावा मोजायला स्कोअरबोर्ड नव्हताच. मोजणारा माणूस काठीवर सुरीने खाचा पाडायचा. एका धावेला एक खाच. म्हणून तेव्हा धावेला खाचच म्हणत असत! विचार कर, आपण आज ओरडलो असतो, "अजून सहा खाचा हव्यात!"

रन, रॅन... रन?

अजून एक खोडी आहे या शब्दाची. रन म्हणजे धावतो. रॅन म्हणजे धावला. आणि धावला आहे म्हणायचं असलं, तर? पुन्हा रन! फिरून पहिल्याच जागी! आय रन, आय रॅन, आय हॅव रन.

तुझा यात गोंधळ होतो? काळजी करू नको. तिकडच्या लहान मुलांचाही होतो! तीन-चार वर्षांची इंग्रज मुलं बिनधास्त म्हणतात, "आय रंड!" कारण त्यांनी मनातल्या मनात एक नियम शोधलेला असतो. जंपचं जंप्ट होतं, वॉकचं वॉक्ट होतं, मग रनचं रंड का नाही?

आपल्याकडेही छोटी बाळं म्हणतात ना, "मी करलं!" कारण धरचं धरलं होतं, भरचं भरलं होतं, तर करचं करलं व्हायला काय हरकत आहे? आपण हसतो. पण बाळाने खरं तर केवढं मोठं काम केलंय! कुणी न शिकवता व्याकरणाचा नियम शोधून काढलाय! चूक बाळाची नाही. नियम मोडणारा आहे तो शब्द!

आणि रोज ज्यांचं काम पडतं, तेच शब्द असा हट्ट धरू शकतात. क्वचित लागणाऱ्या शब्दाचं वाकडं रूप कोण लक्षात ठेवणार? पण करणे, जाणे, येणे, रन, गो यांची रूपं दिवसातून शंभरदा कानावर पडतात. म्हणून ती टिकतात.

मग कळतं कसं?

आता खरा प्रश्न. सहाशे पंचेचाळीस अर्थ! एमिलीने रन म्हटलं की तिच्या आईला कसं कळतं, यातला कुठला?

उत्तर आहे शेजारी! शब्दाचे शेजारी बघायचे. शेजारी नाक असलं, तर गळणं. शेजारी दुकान असलं, तर चालवणं. शेजारी साखर असली, तर संपणं. शब्द एकटा असला की त्याचं काही कळत नाही. शेजारी येऊन बसले की चटकन कळतं!

हे काम आपलं डोकं इतक्या झटपट करतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. पण कॉम्प्युटरला हे शिकवताना भल्याभल्यांची दमछाक झाली. १९६० साली येहोशुआ बार-हिलेल नावाच्या अभ्यासकांनी एक साधंसं उदाहरण दिलं. छोटा जॉन खेळण्यांचा खोका शोधत होता. शेवटी खोका सापडला. कुठे? तर पेनमध्ये!

पेनमध्ये खोका? शाईच्या पेनमध्ये? कसा मावेल?

इंग्रजीत पेनचा आणखी एक अर्थ आहे. लहान बाळांना खेळायला कठडा करून देतात ना, तोही पेन! आपल्याला लगेच उमगतं. कारण खोका केवढा आणि लिहायचं पेन केवढं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तेव्हाच्या कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? बार-हिलेल यांचं म्हणणं होतं की नुसता शब्दकोश पाठ करून भागणार नाही. जग कसं आहे, हेही माहीत हवं! आजचे कॉम्प्युटर यात खूप पुढे गेलेत. पण तुझं डोकं हे काम दूध पिता पिता करत होतं!

विश्वास नाही बसत? घेऊ परीक्षा?

आता आपल्या मराठीची पाळी

हे वाच.

"सुट्टी लागली. आम्ही एसटीने गावाला निघालो. घाट लागला आणि दादाला गाडी लागली. मला झोप लागली. पोहोचेपर्यंत गावात दिवे लागले होते. पायरीची ठेच लागली. कडकडून भूक लागली. आमटी तिखट लागली. आजीने दूध तापवलं, ते खाली लागलं. सकाळी बघितलं, तर झाडाला कैऱ्या लागलेल्या आणि गुळाला मुंग्या! दादाचा निकाल लागला. त्याला आता कॉलेजचं वेड लागलंय."

कळलं ना सगळं? कुठे अडखळायला झालं? मुळीच नाही!

आता मोज. लागणे कितीदा आलं? आणि किती वेगवेगळ्या अर्थांनी? सुट्टी लागली म्हणजे सुरू झाली. घाट लागला म्हणजे वाटेत आला. गाडी लागली म्हणजे मळमळलं. दिवे लागले म्हणजे पेटले. दूध लागलं म्हणजे करपलं. कैऱ्या लागल्या म्हणजे धरल्या. निकाल लागला म्हणजे जाहीर झाला. बाप रे! आणि हे तुला कुणी शिकवलं? लागणेचे अर्थ लिहा, दोन गुण, असा प्रश्न कधी परीक्षेत आला होता?

तुझ्याकडे हा खजिना आधीपासून आहे. फक्त तो कधी उघडून बघितलेला नसतो!

मराठी शब्द गोळा करणारीही माणसं होती, बरं का. जेम्स मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मराठी शास्त्र्यांच्या मदतीने मोठा मराठी-इंग्रजी कोश केला. तो १८३१ साली मुंबईत निघाला. त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती आली १८५७ साली. आणि गंमत बघ! त्याच १८५७ साली तिकडे लंडनमध्ये काही अभ्यासक एकत्र जमले आणि कोशांमधून सुटलेले इंग्रजी शब्द गोळा करायला निघाले. त्यातूनच पुढे मरेसाहेबांचा तो अवाढव्य कोश उभा राहिला!

तुझी पत्र्याची शेड

आता तू एक काम कर. जुन्या वहीची कोरी पानं घे. प्रत्येक पानाच्या चार चिठ्ठ्या कर. एक क्रियापद निवड. लागणे घे, नाहीतर पडणे, बसणे, उठणे, मारणे, घालणे. कुठलंही चालेल. फक्त ते अगदी रोजचं हवं. मोर नको, कडी हवी!

मग कान उघडे ठेव. ते क्रियापद कुठे ऐकू आलं की वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरव. कोण म्हणालं, कुठे म्हणालं आणि तारीख, हेही लिही. एका चिठ्ठीवर एकच वाक्य हं! दोन लिहिलीस की नंतर ढीग लावताना पंचाईत होते.

भाजीवाल्या मावशी काय म्हणतात, ऐक. रिक्षावाले काका, वर्गातली दंगेखोर पोरं, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं ऐक. आणि आजीच्या आसपास घुटमळ! तिच्याकडे असे अर्थ असतात, जे तुझ्या पुस्तकात कधीच आलेले नाहीत.

आठवडा झाला की सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसर. सारखा अर्थ असलेल्या चिठ्ठ्या एका ढिगात. वेगळा अर्थ दिसला की नवा ढीग. आणि एखादी चिठ्ठी कुठल्याच ढिगात बसेना, तर? नाच! नवा अर्थ सापडला! मग बघ, कुठला ढीग कुठल्या ढिगाचा हात धरून उभा आहे. साखळी आपोआप दिसेल.

पंख्याचं बटण मात्र आधी बंद कर. नाहीतर सगळे अर्थ घरभर उडतील!

चल तर मग, लाग कामाला! आणि हो, हे वाक्य माझ्याकडून फुकट घे. ही तुझी पहिली चिठ्ठी!